‘जरा जाऊन येते’च्या पुढचं वाक्य

आमच्या जळगाव जामोदमध्ये किडनीबद्दल बोलायला कुणी लाजत नाही. खारपाणपट्टा आहे ना हा! बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट, आणि किडनीचे आजार पाऊसपाण्याइतकेच रोजच्या बोलण्यातले. टपरीवर चहा पिता पिता माणसं एकमेकांचं क्रिएटिनिन विचारतात, क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. कुणाचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, कुणाला खडा झाला, वान धरणावरच्या १४० गाव योजनेचं पाणी आलं की नाही, सगळं उघड्यावर. २०२५च्या जानेवारीत शेजारच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस पटापट गळायला लागले, तेव्हा आयसीएमआरचं पथक गावात उतरलं, देशभरचे कॅमेरे आले. टिंगलही झाली, पण निदान विषय चव्हाट्यावर तरी आला.

तीच किडनी जे तयार करते ते एकदा खाली मूत्राशयात उतरलं, की मात्र आम्हा सगळ्यांची दातखीळ बसते.

तर सरळच सांगते. मला लघवी धरवत नाही. वय बावीस, आणि हे चालू होऊन तीन वर्षं झाली. घाई अशी येते की दार सापडेपर्यंत वेळ मिळत नाही. तपासण्या झाल्या. खडा नाही, इन्फेक्शन नाही. मूत्राशयाचा स्नायू पिशवी भरायच्या आधीच आवळला जातो, त्याला डॉक्टर ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. औषध चालू आहे, व्यायाम चालू आहेत, आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे. पण बॅगेत पॅड आणि एक जादा सलवार असतेच.

बिचारी म्हणू नका, प्लीज. आजारावर लेख लिहायला डॉक्टर आहेत. मला वेगळंच बोलायचंय : हे सांगायचं कुणाला, आणि किती? कॉलेज संपलं की आपण सगळेच कुठे ना कुठे इंटर्नशिप, नोकरी शोधतो. तिथे काय बोलायचं? आणि जिच्याबरोबर रोज डबा खातो तिला काय? तीन वर्षांत माझं एक मत झालंय. साहेबाला आजार सांगत बसू नका, गरज सांगा. दोस्ताच्या बाबतीत बरोबर उलटं करा.

पण सांगायला आधी शब्द लागतो, आणि पहिली अडचण तिथेच आहे. इंग्रजीत ‘इनकॉन्टिनन्स’. तो उच्चारेपर्यंत समोरचा मोबाइल बघायला लागतो. मराठीत आरोग्याच्या पुस्तकांत शब्द सापडतो ‘मूत्र असंयम’. असंयम! म्हणजे मी जिभेवर ताबा नसलेली, उधळी, बेशिस्त वगैरे कुणीतरी. आजाराच्या नावातच कॅरेक्टर सर्टिफिकेट. ज्याने कुणी हा शब्द केला त्याला तशी वेळ आली नसावी. त्यापेक्षा आमच्या आज्या बोलतात ते बरं, ‘लघवी धरवत नाही’. ‘धरत नाही’ म्हटलं की दोष माणसाचा. ‘धरवत नाही’ म्हटलं की मनात आहे, पण शरीर ऐकत नाही. एका ‘व’ने केवढा न्याय केलाय बघा. मी सगळीकडे हेच वाक्य वापरते. कुणालाही कळतं आणि स्पेलिंग विचारत नाहीत.

हे फक्त माझ्यासारखीचं दुखणं आहे असंही नाही. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की थेंब जाणं, हा प्रकार बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना असतो. हळदीकुंकवाला जोक झाला की पायाला अढी घालून हसणाऱ्या काकू तुम्हीही पाहिल्या असतील. अंग बाहेर येणं, मधुमेह, मणक्याला मार, पुरुषांमध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन, कारणं खूप. पण घरात उत्तर एकच मिळतं, ‘चालायचंच, बाईच्या जातीला असते तसं.’ आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अभ्यास सगळ्याच स्त्रीरोगांचा होता, माझ्या आजाराचा नव्हे. पण मला त्यातले उरलेले लोक दिसतात. दुखणं होतं, गाव होतं, शेजारीण होती, आणि तरी कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

साहेबाला काय सांगायचं?

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका ठिकाणी रिसेप्शनला पार्टटाइम काम केलं. नाव महत्त्वाचं नाही. तिथल्या मॅडमना मी सगळं सांगितलं होतं, अगदी फाइल दाखवून. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ऑफिसबॉयसकट सगळ्यांना माहीत. मग मी खुर्चीवरून उठले की कुणीतरी ‘नळ आला’ म्हणायचं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे हा जोक भलताच हिट झाला. दोन महिन्यांत मी ते काम सोडलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला. साहेबाला माझ्या मूत्राशयाची गोष्ट ऐकायची गरज नाही. काम नीट व्हायला काय लागतं तेवढं त्याला कळलं की झालं. इथे इंटर्न म्हणून आले त्याच दिवशी मी ब्युरो चीफ सरांना म्हटलं, “सर, एका मेडिकल कारणामुळे मला दर तासा-सव्वा तासाने टॉयलेटला जावं लागतं. कुठलीही असाइनमेंट घेईन. फक्त बाहेर जायचं असेल तर तिथे सोय काय आहे ते मला आधी शोधू द्या, आणि मी पाच मिनिटं उठले तर तेवढ्यापुरतं कुणीतरी माझं रेकॉर्डिंग बघा.” एवढंच. त्यात आजाराचं नाव नाही, रडगाणं नाही, ‘सॉरी’ तर नाहीच. सर म्हणाले, “बरं. आणखी काही?” आणि आम्ही नगर परिषदेच्या बातमीकडे वळलो.

पुढची मदत मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. आमच्या इथे एक सीनियर फोटोग्राफर काका आहेत. त्यांनी कारण विचारलं नाही. पण वीस वर्षं तालुके फिरलेल्या या माणसाच्या डोक्यात अख्ख्या घाटाखालच्या भागातल्या बऱ्या टॉयलेटांचा नकाशा आहे. कुठल्या पेट्रोल पंपावर चावी मागावी लागते, कुठल्या बँकेत वॉचमन आत सोडतो, कुठल्या मंगल कार्यालयात मागच्या बाजूने जावं, सगळं. तो नकाशा त्यांनी मला तोंडी दिला. अक्षय्य तृतीयेला आमच्या तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला पीक-पावसाचं भाकीत सांगतात. उघडं शेत, शेतकऱ्यांची ही गर्दी, त्यात बाईमाणसाने जायचं कुठे? मी आदल्या दिवशीच गावातल्या एका घरी सांगून ठेवलं. त्या मावशींनी चहाही दिला. चहा नाही घेतला, चहा-कॉफीने घाई वाढते. भाकीत मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

नोकरी देणाऱ्याला सांगण्याचं माझं आवडतं उदाहरण तर अंतराळातलं आहे. ५ मे १९६१. अमेरिकेचा ॲलन शेपर्ड यानात पाठीवर पडून उड्डाणाची वाट बघत होता. उड्डाण अवघं पंधरा मिनिटांचं, म्हणून नासाने लघवीची काही सोयच केली नव्हती. पण उड्डाण लांबत गेलं, तासांमागून तास. शेवटी त्याने कंट्रोल रूमला सांगून टाकलं, जायचंय. त्याला बाहेर काढणं शक्य नव्हतं. सूटमधल्या तारा आणि सेन्सर ओले झाले तर शॉर्ट होतील अशी भीती होती, म्हणून तेवढ्यापुरती वीज बंद केली आणि त्याने सूटमध्येच केली. मग अंतराळात जाऊन आला. स्पेसवॉकला जाणारे अंतराळवीर तर आजही सूटच्या आत डायपर घालतात. त्या कंट्रोल रूममध्ये ‘असंयम’ कुणी म्हटलं नसणार. स्विच कुठला बंद करायचा, एवढाच प्रश्न होता.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे की! आहे, पण तो कुठवर पोचतो तेही बघा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. लघवी न धरवणं हे त्यात स्वतंत्रपणे नाही. ज्यांना हा त्रास मणक्याच्या इजेमुळे, पार्किन्सन्समुळे किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे आहे, त्यांना त्या मूळ आजाराच्या आधारे सर्टिफिकेट मिळू शकतं आणि कामाच्या जागी सोय मागता येते. माझ्यासारखीला नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छतागृहाची तरतूद आहे, पण तो आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं बहुतेक तरतुदींतून बाहेर राहिली. आता आमच्या मेन रोडवर चक्कर मारा. साडी सेंटर, मोबाइल शॉपी, मेडिकल. प्रत्येकात दोन, तीन, फार तर चार पोरी. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर. ‘मिळून साऱ्याजणी’ या आपल्या मराठी मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले, ते महापालिकांना. आमची नगर परिषद.

या दुकानांतल्या पोरी काय करतात माहीत आहे? पाणी पीत नाहीत. सकाळी निघताना एक घोट, मग थेट संध्याकाळी घरी. मीही सुरुवातीला हेच करायचे. त्याने त्रास कमी होत नाही, लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला आणखी झोंबते. आणि जिथे किडनीचा एवढा बोलबाला आहे त्या भागात तरण्या पोरींनी दिवसभर कोरडं राहणं म्हणजे काय, हे टपरीवर क्रिएटिनिनची चर्चा करणाऱ्यांनी कधीतरी आपल्या दुकानातल्या मुलीला विचारावं. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका याच गोष्टींसाठी एकत्र आल्या, बसायला मिळावं, लघवीला जाऊ द्यावं. २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला गेला. त्यांनी एकेकटीने मालकाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्या मिळून बोलल्या. तीन जणींच्या दुकानातही तिघींनी मिळून सांगता येतं, आणि मग कुणाला त्रास आहे आणि कुणाला नाही हे मालकाला कळायचं कारणच उरत नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईला तर साहेबच नाही, मुकादम आहे. तिला माझा हा नियम कितपत उपयोगाचा, याची मलाही शंका आहे.

आणि दोस्तांना?

इथे मात्र गरज सांगून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण दोस्त म्हणजे असाइनमेंट नाही. त्यांना अर्धवट कारण दिलं की ते उरलेलं अर्धं स्वतः तयार करतात.

दीड वर्ष मी कारणं दिली. ‘घरचे सोडत नाहीत.’ ‘पोट बिघडलंय.’ ‘बस लागते.’ मैत्रिणींनी रात्रीच्या बसने पुण्याला जायचं ठरवलं, मी नाही. पिक्चरला गेले तर कोपऱ्यातली सीट आणि मध्येच गायब. ग्रुपवर ठरून गेलं की मी भाव खाते. एकीला वाटलं माझं अफेअर चालू आहे आणि मी दर तासाला फोन करायला बाहेर जाते. (असतं तर बरं झालं असतं!)

शेवटी मी त्यांतल्या एकीला मेसेज केला. समोरासमोर बोलायचं धाडस नव्हतं आणि मला वाटतं मेसेज हाच बरा मार्ग आहे. ऐकणाऱ्याला चेहरा सावरायला वेळ मिळतो. लिहिलं, ‘मला लघवी धरवत नाही. कधी थेंब, कधी जास्त. पॅड लावते. औषध चालू आहे. म्हणून पुण्याला आले नाही. तुला सांगतेय, ग्रुपवर नको.’

दोन निळ्या टिका आल्या. मग दहा मिनिटं काही नाही. त्या दहा मिनिटांचं वर्णन करत नाही. मग तिचा फोनच आला. “मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं व?” थोडी रागावली, थोडी हसली. मग एकदम गप्प झाली. म्हणाली, “आमच्या आजीलेबी असंच होते. आम्ही तिले रागावतो.”

त्या आजीला पुढच्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरांकडे नेलं. माझ्या तीन वर्षांतली ही सगळ्यात चांगली बातमी, आणि ती मी कुठेही छापली नव्हती.

मुलांचं काय, असं विचारलंत तर त्यांचं आणखी अवघड आहे. आम्हाला निदान पॅडचं बहाणं आहे. माझ्या ओळखीचा एक जण एकोणीस वर्षांचा होईपर्यंत झोपेत अंथरूण ओलं व्हायचं म्हणून होस्टेलला गेला नाही. मार्क चांगले असून इथेच ॲडमिशन घेतली. पोरं एकमेकांच्या तंबाखूच्या पुड्या, उधाऱ्या, ब्रेकअप सगळं वाटून घेतात, पण हे नाही. त्याने आजपर्यंत फक्त दोघांना सांगितलंय, त्यातली एक मी, आणि तेसुद्धा मी माझं सांगितल्यावर. यावर इलाज असतो हे त्याला कळलं ते त्यानंतर. इलाज असतो, हे वाक्य मी मुद्दाम इथे एका ओळीत टाकून देते, कारण ते कुणी सांगत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम अरनॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्येच लिहून ठेवलेत. पैसे लागत नाहीत, बसमध्ये बसून करता येतात, फरक पडायला तीनेक महिने लागतात. कसे करायचे ते एकदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, चुकीचे स्नायू आवळत राहाल.

कुणी तुम्हाला असं सांगितलं तर काय बोलावं, असंही लोक विचारतात. ‘अगं काही होत नाही’ नको, कारण होतं. ‘माझ्या मावशीने एका बाबाचं औषध घेतलं’ तर अजिबात नको. ‘प्रवासात तुझ्यासाठी गाडी कुठे थांबवू?’ हे मला आजवर ऐकलेल्यातलं सगळ्यात प्रेमळ वाक्य वाटतं.

आणि हो, न सांगणं हासुद्धा हक्क आहे. छोट्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते. मुलीची गोष्ट असेल तर ती स्थळांपर्यंत पोचते. कुणी आयुष्यभर गप्प राहिलं तर ती भित्री, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. किंमत मोजायची तिला असते, टाळ्या वाजवणाऱ्यांना नाही. फक्त मेडिकलवाल्या दादांना एक विनंती. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी २०१८ मध्ये शून्य झाला, त्यावर सिनेमा निघाला, पण मोठ्या माणसांचे डायपर मागितले की तुम्ही अजूनही आधी दुकानात कोण आहे ते बघता, मग पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालता. उद्या कदाचित याच पानात गुंडाळून द्याल. निदान मजकूर बाहेरच्या बाजूला ठेवा.

हा लेख नावानिशी द्यायचा की नाही यावर आमच्या घरी चार दिवस खल झाला. बाबा ‘तुझं तू बघ’ म्हणून शेतात गेले. आईला पुढच्या वर्षीची स्थळं दिसत होती, आणि सगळ्यात आधी दिसत होती नांदुऱ्याची आत्या. काल रात्री तिने भांडी आवरली, हात पुसले आणि म्हणाली, “नाव टाकतं त टाक. पण तिले मीच फोन करतो, पेपरातून कळलं त जन्मभर बोलन.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, “पोट्टीले लघवी धरवत नाही, तीन वर्षं झाले, औषध चालू हाये. पेपरात येनार हाये, वाचजा.”

मग पलीकडून बराच वेळ आत्याच बोलत होती, आणि आई हळू आवाजात एवढंच म्हणत होती, “हो का... कधीपासून व?”